जागेश्वररावांची पट्टी

जागेश्वरराव कापगत्यांचं सगळं ठीक चाललं होतं, ते फॉर्मच्या सातव्या रकान्यापर्यंत. नाव लिहिलं. वय बासष्ट लिहिलं. पत्ता अर्जुनी मोरगाव, निवृत्त कालवा निरीक्षक, हेही लिहिलं. हुद्दा कोणी विचारला नव्हता, पण 'इतर माहिती' अशी एक ओळ रिकामी दिसली आणि रिकामी ओळ तशीच सोडून देणं बत्तीस वर्षांच्या नोकरीत त्यांना कधी जमलं नव्हतं. कलाप्रकार: गायन. गीत: स्वरचित. चाल: स्वतःची. इथवर पेन कसं झरझर चाललं. मग सातवा रकाना आला: वाद्य.

जागेश्वररावांनी लिहिलं, 'नाही.'

टेबलापलीकडे तालुका कला महोत्सव समितीचा भूपेंद्र बसला होता. त्याने फॉर्म उलटा करून वाचला, सुलटा करून वाचला.

"काका, नाही कसं?"

"मले काही वाजवता नाही येत."

"तुमी नका वाजवू. मांगं कोनी बसल ना वाजवाले?"

"मांगं कोनी नाही."

"मंग आठव्या रकान्यात काय लिवान? साथीदार, किमान दोन." भूपेंद्रने कॉम्प्युटरचा पडदा त्यांच्याकडे वळवला. "हे पाहा. दोन नावं टाकल्याबिगर हा म्होरं जातच नाही. येकटा मानूस याले चालत नाही."

जागेश्वररावांनी पडद्याकडे पाहिलं. त्यांच्या घरात गेल्या आठ महिन्यांपासून एकटा माणूस चालत होता आणि कोणाचंच काही अडलं नव्हतं. "आठ दिवसांत आनतो दोन मानसं," म्हणाले आणि बाहेर पडले. बाहेर आल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की कालव्याचं पाणी चार गावांना एकाच वेळी सोडणं आपल्याला जमायचं, पण दोन माणसं कुठून आणायची हे मात्र कळत नाही.

झालं होतं असं. मे महिन्यात त्यांची बायको पुष्पाबाई लेकीच्या, टीनाच्या बाळंतपणासाठी पुण्याला गेल्या, त्या 'दोन महिन्यांसाठी'. नात झाली, नाव खुशी ठेवलं. मग टीनाची रजा संपली, मग खुशीला सर्दी झाली, मग सांभाळणारी बाई सोडून गेली, आणि पाहता पाहता जानेवारी लागला. जागेश्वररावांची तक्रार नव्हती. नात आपलीच आहे. पण घर असं गप्प झालं, की नळाचा थेंब पडला तरी ते "कोन?" म्हणून विचारू लागले.

रोज पहाटे ते तलावाच्या पाळीवर फिरायला जात. एक दिवस चालता चालता डोक्यात एक ओळ आली. ओळ आली ती एकटी आली नाही, चाल घेऊनच आली. चार पावलं शब्द, चार पावलं सूर. त्यांनी इकडं तिकडं पाहिलं. पाळीवर दोन बगळे होते. बगळ्यांना काही विशेष वाटलं नाही, तेव्हा जागेश्वररावांनी ओळ मोठ्याने म्हटली. मग दुसरी आली. वाद्य येत नसल्यामुळे चाल कुठं बांधून ठेवायची सोय नव्हती. घरी पोचेपर्यंत ती हवेत जाई. म्हणून ते मोबाईलमध्ये भरू लागले. अशी तेवीस गाणी झाली. ऐकताना अर्ध्यात चपलांचा आवाज होता आणि अर्ध्यात धाप, पण जागेश्वररावांना ती फार चांगली वाटत. त्यातलं सगळ्यात आवडतं होतं ते भाताच्या पातेल्याचं, म्हणजे गंजाचं:

*गंज तोच, चूल तेच, भात शिजते मूठभर,*
*बोलनारा येकटा मी, आयकते सारं घर.*

एकदा त्यांनी घरातच जरा गळा मोकळा केला. शेजारच्या गीताबाईंनी भिंतीवरून कान दिला आणि आत जाऊन पुण्याला फोन लावला, "पुष्पाबाई, रागावू नका, पन भाऊजी दुपारपासून रडून राहिले. शब्द काही कळत नाही, पन हुंदके मोठे हायेत."

पाच मिनिटांत पुष्पाबाईंचा फोन. "अवो, रडता काऊन? दुखते का कुठं?"

"मी रडत नव्हतो. गात होतो."

पलीकडे पुष्पाबाईंनी फोन दुसऱ्या कानाला लावला. मग, "तुमी? गात?"

हा प्रश्न जागेश्वररावांना लागला. सदतीस वर्षांच्या संसारात बायकोने आपल्याला गाताना ऐकलं नाही, हा त्यांचा दोष होता हे त्यांना मान्य होतं. पण 'तुम्ही' या शब्दावर इतका जोर द्यायचं काही कारण नव्हतं. त्याच दिवशी त्यांनी ठरवलं, आता महोत्सवातच गायचं. माइकवर. लोकांसमोर. रीतसर.

आणि रीतसर म्हटल्यामुळेच सातवा रकाना आला.

टीनाने पुण्याहून उपाय पाठवला. मोबाईलमध्ये एक ॲप घ्या, बाबा. तुम्ही नुसतं गा, ते आपोआप संगीत लावतं. जागेश्वरराव ॲपला गाऊन मोकळे झाले. ॲपने क्षणभर विचार केला आणि त्यांच्या मूठभर भाताच्या मागे असा काही ढोल-ताशा लावला, की वरात अंगणातून निघाल्यासारखी वाटली. गीताबाई दारात आल्या. "भाऊजी, लगन कोनाचं हाये?"

मग त्यांनी समोरच्या रामलालला धरलं. रामलालचं हार्डवेअरचं दुकान होतं आणि जगातल्या प्रत्येक गोष्टीवर त्याचं मत होतं. त्याने गाणं नीट ऐकून घेतलं.

"कापगतेजी, गाना बढिया है. पण एक गलती आहे. तुमच्याकडे तर गॅस आहे. चूल कुठून आली?"

"ते गाण्यातली चूल हाये."

"पब्लिक विचारेल ना! 'गॅस तोच' म्हणा. वजन पण बसते."

जागेश्वररावांनी हा मुद्दा कडवटपणे गिळला, कारण त्यांना माणूस हवा होता. रामलालने टाळ वाजवायचं कबूल केलं. त्याने आयुष्यात टाळ हातात धरला नव्हता, पण दुकानात दिवसभर लोखंडावर लोखंड आपटतंच, असं त्याचं म्हणणं पडलं.

एक नाव झालं. दुसरं नाव म्हणजे कवडू मास्तर. मास्तर झाडीपट्टीच्या नाटकांत पेटी वाजवत. दिवाळी ते होळी त्यांचा हंगाम. रात्री वाजवायचं, दिवसा झोपायचं. जागेश्वरराव तीन वेळा गेले आणि तिन्ही वेळा मास्तरांच्या घोरण्याची साथ ऐकून परत आले. चौथ्या वेळी मास्तर जागे होते. पेटी काढून बसले, भाता सोडला.

"बोला साहेब. तुमची पट्टी कोनती?"

"पाणीपट्टी," जागेश्वरराव म्हणाले. बत्तीस वर्षांची जीभ, तिला काय करणार.

मास्तरांनी भाता थांबवला. मग समजावून सांगितलं, की पट्टी म्हणजे गळा ज्या सुरावर उभा राहतो ती जागा. काळी एक, काळी दोन, पांढरी चार, अशी. तुमचा गळा कुठं उभा राहते ते सांगा, मंग मी तिथं येतो.

"पाळीवर," जागेश्वरराव म्हणाले.

"बरं, बसा आन् गा."

जागेश्वरराव मांडी घालून बसले. डोळे मिटले. घसा साफ केला. गाणं आलं नाही. पुन्हा घसा साफ केला. शब्द सगळे पाठ होते, पण चाल कुठं दिसेना. घामाघूम झाले. "पानी भेटल का?" म्हणून उठले, माठाकडे निघाले, आणि तिसऱ्या पावलाला गाणं सुरू झालं.

"हां! थांबा!" मास्तर ओरडले.

जागेश्वरराव थांबले. गाणंही थांबलं.

"थांबू नका, चाला!"

ते चालले. गाणं चाललं. मास्तरांनी झटपट सूर पकडला, काळी दोन. पण मास्तरांची खोली अकरा पावलांची. अकराव्या पावलाला भिंत आली, जागेश्वरराव वळले, आणि त्यांच्याबरोबर चालही वळून भलत्याच ठिकाणी गेली. मास्तरांनी धावत पांढरी चार गाठली. तोवर दुसरी भिंत आली.

अर्ध्या तासाने मास्तरांनी पेटी मिटली. "साहेब, तुमच्या गळ्यात खोट नाही. पन भिताड आलं का तुमची पट्टी बदलते. तुमाले सरळ रस्ता पाहिजे. लांब."

मास्तरांचा उजवा गुडघा नाटकवाल्यांच्या टेम्पोत चढउतर करून कायमचा गेला होता, त्यामुळे पेटी गळ्यात अडकवून चालणं शक्य नव्हतं. इथं रामलालचं डोकं चाललं. त्याच्याकडे माल पोचवायची ई-रिक्षा होती. मास्तर पेटी घेऊन मागे बसतील, रिक्षा पावलाच्या चालीने जाईल, कापगतेजी बाजूने चालत गातील. पट्टी बसली, की मग स्टेजचं पाहू. रिक्षा रामलालच चालवणार, त्यामुळे टाळाला हात उरत नव्हते. त्याऐवजी समेवर तो हॉर्न वाजवेल असं ठरलं.

रविवारी सकाळी नऊला ही तालीम निघाली. पुढे ई-रिक्षा, तिच्यात प्लास्टिकच्या दोन पाइपांच्या मध्ये पांढरा सदरा घातलेले, रात्रीच्या नाटकाने डोळे तारवटलेले कवडू मास्तर, बाजूने हात मागे बांधून संथ चालणारे, दुःखी आवाजात गाणारे जागेश्वरराव. गाणं खरोखर चांगलं होत होतं. पाळीपर्यंतच्या सरळ रस्त्यावर त्यांचा गळा काळी दोनवर असा ठाम उभा राहिला, की मास्तरांनी मान डोलावली. जागेश्वररावांनी डोळे जरा मिटून घेतले. आठ महिन्यांत पहिल्यांदा कोणीतरी त्यांच्या पावलाला पाऊल लावून चाललं होतं, मग ते तीन चाकांवर का असेना.

डोळे उघडले तेव्हा मागे नऊ-दहा माणसं चालत होती. टोप्या काढून. सगळे गप्प. एक म्हातारा हळूच त्यांच्या खांद्याला खांदा लावून आला आणि दबक्या आवाजात म्हणाला, "कोनाचं झालं, बापा?"

"कोनाचंच नाही."

"मंग गाडीत कोन हाये?"

"मास्तर."

म्हाताऱ्याने वाकून गाडीत पाहिलं. "पन ते तं वाजवून राहिले!"

तेवढ्यात सम आली आणि रामलालने हॉर्न दिला. माणसं दचकली. टोप्या परत डोक्यावर चढल्या, आणि मागून कोणीतरी स्पष्ट म्हणालं, "सकाळी सकाळी मानसाईले फसवून राहिले." पुढच्या वळणावर हवालदार उभे होते. त्यांनी सभ्यपणे विचारलं, मिरवणुकीची परवानगी कुठं आहे. जागेश्वररावांनी सांगितलं, ही मिरवणूक नाही, तालीम आहे. हवालदार म्हणाले, मंग मांगं हे मानसं काऊन येऊन राहिले? रिक्षा वळवली. वळताना पट्टीही गेली.

घरी येऊन जागेश्वरराव अंगणात खुर्चीवर बसले. अपमान मोठा होता, पण खरी गोष्ट वेगळीच होती आणि ती त्यांनी कोणाला सांगितली नाही. त्या म्हाताऱ्याने 'कोनाचं झालं' असं विचारलं, तेव्हा त्याचा हात त्यांच्या पाठीवर होता. असा हात पाठीवर पडून किती दिवस झाले, हे त्यांनी मोजायला घेतलं आणि मधेच सोडून दिलं.

फॉर्म मात्र पुरा झाला. साथीदार: कवडू मास्तर, पेटी, रामलाल, टाळ. कॉम्प्युटर पुढे गेला.

महोत्सव शाळेच्या मैदानावर होता. क्रमांक सतरा. वेळ दुपारी बाराची, म्हणजे सव्वातीनला नाव पुकारलं. मास्तरांना रात्रीच्या नाटकासाठी चारला निघायचं होतं, त्यामुळे ते घड्याळाकडे आणि जागेश्वररावांकडे आळीपाळीने पाहत होते. जागेश्वरराव मंचावर चढले. माइक दांड्यावर घट्ट बसवलेला.

"हे हातात भेटल का?" त्यांनी विचारलं.

"वायरलेस एकच हाये, तो निवेदकाचा हाये," माइकवाला म्हणाला. "तुमी इथंच उभे राहून गा."

उभं राहून गाणं म्हणजे जवळजवळ बसून गाण्यासारखंच. पेटीने काळी दोन दिली. जागेश्वरराव तोंड उघडून उभे राहिले. मागून रामलाल कुजबुजला, "चलो, चलो!" तेव्हा त्यांनी जागच्या जागीच पावलं टाकायला सुरुवात केली. डावं, उजवं, डावं, उजवं. गाणं आलं.

*गंज तोच, चूल तेच...*

पहिल्या रांगेत कोणीतरी हसलं. मग दुसऱ्या. बासष्ट वर्षांचा माणूस माइकपुढे कवायत करत मूठभर भाताचं गाणं म्हणतो आहे, यात हसण्यासारखं काही नाही असं कोणी शपथेवर सांगू शकलं नसतं. हसू मागच्या रांगांपर्यंत गेलं. जागेश्वररावांचे कान लाल झाले. पाय थांबले. गाणं थांबलं. मास्तर मात्र थांबले नाहीत; नाटकातल्या नटांनी शब्द विसरावेत आणि पेटीने वाट पाहावी, यात त्यांचं आयुष्य गेलं होतं. ते नुसता सूर धरून बसले.

जागेश्वररावांनी माइककडे पाहिलं. मग मंचाच्या पायऱ्यांकडे. पायऱ्या उतरले. समोर खुर्च्यांच्या मधून एक लांब, सरळ वाट मैदानाच्या टोकापर्यंत गेली होती, मध्ये भिंत नव्हती. ते चालू लागले आणि गाऊ लागले.

माइक मागेच राहिला होता, त्यामुळे सगळ्यांना सगळं गाणं ऐकू गेलं नाही. ज्या रांगेजवळून जात, तिला दोन ओळी मिळत. तिसऱ्या रांगेला मूठभर भात मिळाला. सातव्या रांगेला सारं घर मिळालं. बाराव्या रांगेतल्या बायकांना हे मिळालं:

*हाक देतो सवयीनं, 'ओ' येत नाही कुठून,*
*चाय दोन कप मांडतो, एक जाते निवून.*

आणि त्या बायका हसल्या नाहीत. मान मागे वळवून ते पुढे काय म्हणतात ते ऐकायला लागल्या, पण पुढचं पंधराव्या रांगेच्या वाट्याला गेलं होतं. पेटीचा सूर लांबून बारीक येत होता. गाणं संपलं तेव्हा जागेश्वरराव पाणपोईपाशी पोचले होते. आता मंचावर परत कसं जायचं हे न सुचून त्यांनी एक गिलास पाणी प्यायलं.

सायकल-स्टँडपाशी एक अनोळखी माणूस त्यांच्यासाठी थांबला होता. हातात विळ्याचं नवं पातं, पिशवीत भाजी.

"भाऊ, आमच्या रांगेत 'भात शिजते मूठभर' एवढंच आलं. मंग काय होते?"

जागेश्वररावांनी पुढची ओळ सांगितली. माणसाने ती एकदा मनात म्हटली. "माह्या घरीबी तेच हाये," एवढंच बोलला, सायकलवर टांग टाकली आणि गेला. नाव विचारायचं जागेश्वररावांच्या लक्षात आलं, तोवर तो रस्त्याला लागला होता.

निकाल लागला. मास्तर निघून गेले होते, रामलाल दुकान उघडायला गेला होता. जागेश्वरराव एकटेच प्रमाणपत्र घ्यायला उभे राहिले. भूपेंद्रने ते हसून हातात दिलं. श्री. जागेश्वर कापगते, उत्तेजनार्थ. कलाप्रकार: एकल नृत्य.

"हे नृत्य काऊन झालं?"

"काका, परीक्षकांनी लिवलं, मानूस गायनाच्या नियमात बसत नाही. माइकपुढं गायले नाही, मंच सोडला, पायाचं काम चांगलं. नृत्यात जागा होती." त्याने आवाज खाली केला. "आन् नृत्यात येकटा चालते."

घरी येऊन त्यांनी कुलूप काढलं, प्रमाणपत्र टेबलावर उलटं ठेवलं, चहा टाकला. पाच वाजता पुष्पाबाईंचा फोन आला. रोज याच वेळी येई आणि दोन मिनिटांत संपे. गोळी घेतली का, सिलिंडर आलं का, बरं ठेवते.

"झालं का गानं?"

"झालं."

"बक्षीस?"

"उत्तेजनार्थ."

"अवो, खरंच? गान्यात?"

जागेश्वररावांनी खोटं बोलायचा विचार केला. "नाचात," म्हणाले.

पलीकडून एक बारीक फुसकारा आला, आणि मग पुष्पाबाई हसू लागल्या. आधी तोंडाला पदर लावून, मग पदर सोडून. हे हसू जागेश्वररावांनी गेल्या मे महिन्यापासून ऐकलं नव्हतं. त्या हसत होत्या, मधेच "नाचात!" म्हणत होत्या आणि पुन्हा हसत होत्या. रागवावं असं जागेश्वररावांना वाटलं, पण त्यासाठी त्यांना ते हसू थांबवावं लागलं असतं. ते फोन कानाला घट्ट लावून उभे राहिले. शेवटी तिकडे खुशी जागी होऊन रडू लागली आणि पुष्पाबाई घाईघाईने "ठेवते, ठेवते," म्हणाल्या.

घर पुन्हा गप्प झालं. चहा उतू गेला होता. तो त्यांनी पुसला. पंधरा मिनिटं गेली असतील, फोन पुन्हा वाजला. या खेपेला व्हिडिओचा. पुष्पाबाईंचा चेहरा दिसला, मागे टीनाच्या घराची पांढरी भिंत.

"निजवली तिले. इथं दिवसभर कोनाशी बोलाव? टीना कामावर, जावई कामावर. दाखवा आता."

"काय दाखवू?"

"नाच."

"पुष्पा, ते गानं हाये. चालता चालता म्हनाचं."

"मंग चाला."

जागेश्वररावांनी फोन अंगणात हौदाच्या कठड्यावर टेकवून ठेवला. उजेड अजून होता. ते दाराकडून निघाले, हात मागे बांधून, आणि म्हणू लागले. अंगण लहान, सहाव्या पावलाला ते चित्राच्या बाहेर गेले. पुढे फाटक होतं. त्यांनी ते उघडलं आणि रस्त्यावर आले.

"अवो," मागून फोनमधून आवाज आला, "दिसून नाही राहिले तुमी!"

"आयकू येते का?"

"येते."

"मंग झालं," जागेश्वरराव रस्त्यावरून ओरडले, आणि दुसरं कडवं त्यांनी जरा मोठ्याने घेतलं, कारण पुणं लांब होतं.